हेवी-ड्यूटी पिकअप: हौदा आणि फाळक्याच्या कामाच्या नोंदी

४ फेब्रुवारी

गाडी आली. चार दारांची केबिन, आठ फुटी हौदा, बॉडी पूर्ण पोलादी पत्र्याची. वय पंधराच्या पुढे, आणि बरीचशी वर्षं बर्फ वितळवायला मीठ टाकलेल्या रस्त्यांवर गेलेली. गाडी 'पाऊण टनी' म्हणवणाऱ्या वर्गातली आहे. हे नाव जुन्या काळापासून चालत आलंय, आजच्या वजनक्षमतेशी त्याचा काही संबंध उरलेला नाही. अमेरिकेच्या वर्गवारीत भारासह एकूण वजन ३,८५६ ते ४,५३६ किलो असेल तर गाडी या गटात बसते. त्याच्या वर ६,३५० किलोपर्यंत 'एक टनी'.

तक्रार एका ओळीची: खड्ड्यात गाडी आदळली की मागचा फाळका, म्हणजे हौद्याचं खाली उघडणारं मागचं दार, आपोआप पडतो. मालकाने फाळका बंद धरून ठेवणारे दोन्ही बाजूंचे खटके नवे टाकून घेतलेत, तरी फरक नाही. त्याचं म्हणणं, खटकेच डुप्लिकेट निघाले. मी हाताने दाबून बघितले, दोन्ही ठणठणीत आहेत.

वरवर दिसलेलं लिहून ठेवतो. फाळक्याच्या खालच्या दुमडीला पोपडे. उजव्या मागच्या चाकाच्या कमानीवर रंग फुगलेला. केबिनचे मागचे खालचे दोन्ही कोपरे संशयास्पद. मागच्या सीटखालचा गालिचा ओला, आणि त्याबद्दल मालकाने चकार शब्द काढलेला नाही. हौद्यात प्लॅस्टिकचं तयार अस्तर ठोकलेलं.

फाळक्याला आज हात लावायचा नाही. आधी मापं.

५ फेब्रुवारी

गाडी सपाट जमिनीवर, चारही टायरची हवा सारखी, हौदा रिकामा. एवढं केल्याशिवाय घेतलेल्या मापांना अर्थ नाही.

फाळका बंद असताना बाजूची फट: डावीकडे वर-खाली ५ मिलिमीटर. उजवीकडे खाली ६, वर १२. फाळका उघडून हौद्याचं तोंड मोजलं. दोन भिंतींमधलं वरचं अंतर खालच्यापेक्षा ९ मिलिमीटर जास्त. दोन कर्णांमध्ये ११ मिलिमीटरचा फरक. म्हणजे चौकट गुण्यात (काटकोनात) नाही, आणि वरून फाकलेलीही आहे. दोन वेगळे दोष, एकावर एक चढलेले.

फाकण्याचं कारण समजायला सोपं आहे. हौदा म्हणजे तीन बाजूंनी बंद, चौथी उघडी अशी पेटी. पुढची भिंत दोन्ही बाजूंना धरून ठेवते. मागे धरायला फक्त फाळका असतो. खटक्याची नखी भिंतीवरच्या स्ट्रायकरच्या, म्हणजे खटका जिथे अडकतो त्या खिळ्याला विळखा घालते, तेव्हा बंद फाळका नुसता माल अडवत नाही, दोन्ही भिंतींना एकमेकींशी बांधूनही ठेवतो. फाळका काढून किंवा खाली सोडून, हौदा काठोकाठ भरून गाडी पळवली की माल भिंतींना बाहेर रेटतो आणि मागे बांधणारं काही नसतं. वर्षानुवर्षं असं केलं की पत्रा तिथेच बसतो. मालकाला विचारलं. लांब पाइप नेताना फाळका उतरवूनच ठेवायचे म्हणाला.

कर्णांच्या फरकाचं कारण खाली सापडेल. हौदा चासीवर आठ बोल्टनी बसलाय. उजव्या मागच्या बोल्टला पाना लावला तर बोल्टसकट वायसर फिरला, वरचा पत्रा मात्र जागचा हलला नाही. तिथली मजल्याखालची आडवी पट्टी कुजलेली असणार. हौद्याचा तो कोपरा खाली बसलाय, मजल्याला उतार आलाय आणि भिंती आपल्या जुन्या कोनात उभ्या राहू पाहतायत. चौकट अशीच तिरकी होते.

हाताखालचं पोरगं म्हणालं, "दादा, स्ट्रायकर सरकवून बघू या का? दहा मिनिटांचं काम आहे." सरकवता येतो, त्याच्या मागच्या नटपट्टीला थोडी जागा असते. पण ती जागा शेवटच्या दोन-तीन मिलिमीटरसाठी आहे. नऊ मिलिमीटरचा दोष तिथे लपवला तर पुढच्या वेळी सरकवायला काहीच उरत नाही.

७ फेब्रुवारी

फाळका उतरवला. आधी कॅमेऱ्याच्या वायरचा कनेक्टर सोडवला, मग उघडा फाळका पेलणारे दोन्ही तारदोर खिळ्यांवरून काढले. फाळका अंदाजे पंचेचाळीस अंशांवर आणला की उजव्या बिजागरीतली खाच खिळ्याच्या चपट्या बाजूशी जुळते. उजवं टोक वर उचलायचं, मग सगळा फाळका उजवीकडे ओढून डावं टोक सोडवायचं. अवजार एकही लागत नाही. फाळके चोरीला जातात ते याच सोयीमुळे. जुन्या गाडीला कुलुपाचं हँडल नसेल तर खाच असलेल्या बिजागरीवर पाइपला लावतात तसला पोलादी क्लॅम्प आवळायचा. अडून बसलेल्या चोराला तो थांबवणार नाही, पण फाळका घाईघाईत उचलून नेता येत नाही.

फाळका टेबलावर पालथा ठेवून आतलं झाकण काढलं. हँडलपासून दोन्ही बाजूंच्या खटक्यांकडे एकेक सळई जाते. सळई प्लॅस्टिकच्या क्लिपमध्ये अडकलेली असते, आणि ही क्लिप म्हणजे सगळ्या फाळक्यांचं दुखणं. थंडीत प्लॅस्टिक ठिसूळ होतं, कुणी तरी हँडल हिसडतं, क्लिप तडकते. मग एक बाजू उघडते, दुसरी तशीच अडून राहते. इथे उजवी क्लिप अर्धी तुटलेली. शिवाय उजव्या सळईची लांबी कुणी तरी इतकी आखूड केलीय की फाळका बंद असतानाही ती खटक्याला किंचित ओढून धरते. खटके बदलताना सळई पुन्हा जुळवलेली नाही. हँडलच्या हालचालीत थोडी मोकळीक हवीच. हँडल उचलायला सुरुवात केल्याबरोबर खटका हलू लागला तर सळई ताणलेली आहे असं समजायचं.

मग खटक्याची चाचणी केली, पोरग्याला दाखवण्यासाठी. नखीत स्क्रू-ड्रायव्हरचा दांडा घालून हळू दाबला. टिक. नखी अर्धी फिरली आणि अडकली. आणखी दाबला. पुन्हा टिक, आणि नखी पूर्ण मिटली. पहिल्या टिकला फाळका बंद दिसतो, हाताने ओढला तर उघडतही नाही. पण नखी स्ट्रायकरच्या जेमतेम टोकावर असते. एक दणका, आणि फाळका खाली. आपला उजवा खटका गाडीवर पहिल्याच टिकला थांबत होता, कारण स्ट्रायकर नऊ मिलिमीटर बाहेर गेलाय आणि खालीही उतरलाय. या जागी कितीही चांगला खटका आणून बसवा, तो तिथेच थांबणार.

तारदोर: प्लॅस्टिकच्या आवरणाखाली झिंक चढवलेली पोलादी तार. आवरण वाकवून बघितलं तर टोकाच्या पकडीजवळ कित्येक तंतू तुटलेले. तार मधे तुटत नाही, पाणी जिथे साचतं त्या टोकाशी तुटते, आणि आवरणामुळे बाहेरून काही कळत नाही. हा काही एका गाडीचा आजार नाही. २००० ते २००४ च्या मॉडेलांच्या सुमारे ४० लाख पिकअप जनरल मोटर्सने २००४ मध्ये याच कारणासाठी परत बोलावल्या होत्या आणि गंजणाऱ्या तारांऐवजी स्टेनलेस स्टीलच्या तारा दिल्या होत्या. माल चढवताना माणूस उघड्या फाळक्यावर उभा राहतो, तेव्हा त्याचा सगळा भार या दोन तारांवर असतो. दोन्ही बदलणार. एक नवी आणि एक जुनी अशी जोडी लावायची नाही, नवी ताठ राहते आणि जुनीवर झटका बसतो.

खालच्या दुमडीला टोकदार हूक लावून साफ केलं. आतून काळा चिखल निघाला, त्यात लाकडाचा भुसा, बारीक खडी आणि पत्र्याच्याच गंजलेल्या पापुद्र्या. पाणी जायची भोकं होती, सगळी बुजलेली. फाळक्याचा बाहेरचा पत्रा आतल्या पत्र्यावर दुमडून दाबलेला असतो. त्या दुमडीत कारखान्यातला रंग नीट पोचत नाही. भोकं बुजली की पाणी तिथे उभं राहतं आणि गंज आतून बाहेर येतो. बाहेरचा फुगवटा दिसतो तेव्हा आत पत्रा उरलेला नसतो, ही मोठी अडचण. वरच्या कडेवरची प्लॅस्टिकची टोपीही काढली. तिच्याखाली रेती बसून रंग घासला गेलाय, पण पत्रा शाबूत आहे.

कॅमेऱ्याची वायर बिजागरीजवळ सोललेली. दर वेळी फाळका उघडला की ती त्याच एका जागी वाकते. तिथे मऊ वायरचा नवा तुकडा आणि जास्तीचा फेरा. ४,५३६ किलोपर्यंतच्या गाड्यांना अमेरिकेत १ मे २०१८ पासून मागचा कॅमेरा सक्तीचा आहे, म्हणजे यापुढे असा प्रत्येक फाळका ही एक वायर घेऊनच येणार.

१० फेब्रुवारी

आपल्या कामाच्या मधेच एक नवी गाडी बघायला आली. ॲल्युमिनियमची बॉडी, फाळक्याला विजेचा खटका. तक्रार ऐकायला तीच: फाळका आपोआप उघडतो. कारण मात्र पूर्ण वेगळं असू शकतं, म्हणून सविस्तर लिहितो.

विजेच्या खटक्यात सळया नसतात. बटण किंवा स्पर्शाची पट्टी दाबली की छोटी मोटर नखी सोडते. पाणी वायरिंगमध्ये किंवा स्विचमध्ये शिरलं तर शॉर्ट होतो आणि मोटरला वाटतं बटण दाबलंय. फोर्डने २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये २०१७ ते २०१९ च्या सुपर ड्यूटी पिकअपच्या सुमारे २ लाख ६२ हजार गाड्या याच कारणाने परत बोलावल्या. जनरल मोटर्सने २०२४ च्या फेब्रुवारीत २०२० ते २०२४ च्या हेवी-ड्यूटी सिल्व्हरॅडो आणि सिएराच्या सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या बोलावल्या, तिथे पाणी स्पर्शाच्या स्विचमध्ये जात होतं आणि गिअर 'पार्क'वर ठेवून गाडी उभी असताना फाळका सुटत होता. रॅम कंपनीच्या पिकअपची गोष्ट निराळी. २०१८ मध्ये २०१५ ते २०१७ च्या सुमारे ११ लाख गाड्या परत आल्या, त्यात दोष पाण्याचा नव्हता. विजेच्या कुलुपाच्या यंत्रातली हालचाल थांबवणारी एक छोटी जीभ तुटत होती.

म्हणून विजेचा खटका असलेली गाडी आली की पहिलं काम चासी नंबर घेऊन कंपनीची परत-बोलावणी बाकी आहे का ते बघणं. बाकी असेल तर ते काम कंपनीचं, फुकट. आपण तिथे पक्कड घालायची नाही. या गाडीच्या मालकाला तेच सांगून परत पाठवलं.

जाण्याआधी बॉडी बघून घेतली. सुपर ड्यूटीच्या केबिन आणि हौद्याला ॲल्युमिनियम आलं ते २०१७ च्या मॉडेलपासून, चासी पोलादीच राहिली. ॲल्युमिनियम गंजत नाही असं लोक छातीठोकपणे सांगतात. तांबडा गंज येत नाही, एवढंच खरं. या गाडीत फाळक्याच्या खालच्या कडेला रंगाखाली बारीक वळवळत्या रेषांचे फुगवटे होते, नखाने खरवडल्यावर पांढरी भुकटी. दुमडीच्या धारेवर रंग पातळ बसतो, तिथून ओल आत शिरते आणि रंगाखालून पसरत जाते. दुसरी जागा हौद्याच्या कडेवर मागाहून बसवलेली अवजारपेटी. साधे पोलादी बोल्ट थेट ॲल्युमिनियममध्ये. दोन वेगळे धातू आणि मधे खारं पाणी आलं की बॅटरीच तयार होते, आणि त्यात खर्ची पडतं ते ॲल्युमिनियम. कंपनी तिथे लेप दिलेले बोल्ट आणि मधे विलगीकरणाचे वायसर वापरते. जोडसामान लावणारे वापरत नाहीत. स्टेनलेसचा बोल्ट लावला म्हणून सुटका नाही, उलट मधे नायलॉनचा वायसर नसेल तर त्रास वाढतो.

आणि एक: पोलादावर चालवलेला ग्राइंडर, ब्रश, पॉलिश पेपर ॲल्युमिनियमवर वापरायचा नाही. पोलादाचे कण त्यात रुततात आणि रंगाखाली पुन्हा फोड येतात. आपल्याकडे त्याचा वेगळा संच नाही, म्हणून रंगाचं काम घेतलं नाही.

१२ फेब्रुवारी

हौदा उतरवायची तयारी. प्लॅस्टिकचं अस्तर काढलं. मला हे तयार अस्तर मुळीच आवडत नाही. गाडी हलते तसं ते हलतं, त्याच्याखाली अडकलेली रेती पॉलिश पेपरचं काम करते. पाणी वरून जातं आणि खाली साचून राहतं. मजल्यावरच्या लाटांची माथी कच्च्या पत्र्यापर्यंत घासलेली, जिथे अस्तराचे स्क्रू होते तिथे आरपार भोकं. फवारून मारायचं रबरी अस्तर बरं, पण गंज तसाच ठेवून वरून मारलं तर तेही गंजाचं पांघरूणच. मग वर्षभर काही दिसत नाही आणि एक दिवस बोट आत जातं.

बोल्टना भेदक तेल मारून रात्रभर ठेवतोय. इंधन भरायच्या नळीचे स्क्रू, मागच्या दिव्यांचे कनेक्टर, अर्थिंगची पट्टी सोडवली. ही अर्थिंगची पट्टी परत लावायची राहून गेली की पुढे दिव्यांचे भुताटकीचे खेळ सुरू होतात, म्हणून तिला लाल फीत बांधली.

१४ फेब्रुवारी

हौदा खाली. उजवा मागचा बोल्ट कापावा लागला.

मागची आडवी पट्टी बघण्यासारखी आहे. मजल्याचा पत्रा आणि टोपीच्या आकाराची आडवी पट्टी स्पॉट वेल्डनी, म्हणजे सुट्या ठिपक्यांच्या वेल्डनी, जोडलेली. दोन पत्र्यांमधे केसाएवढी फट. चाकाने उडवलेला खारा चिखल पट्टीच्या टोकातून आत जातो आणि तिथे ओला राहतो. दोन पत्र्यांमधला गंज फुगतो आणि स्पॉट वेल्डच्या मधला पत्रा लाटेसारखा वर उचलतो. उजवं टोक इतकं गेलंय की बोल्टाची बैठक आत चेपून आडवी झालीय. डावीकडे पट्टी जाग्यावर आहे, फक्त वरवरचा गंज.

हौदा उतरवलाच आहे तर केबिनचे मागचे कोपरे आताच करायचे. एरवी तिथे हातच जात नाही. दोन्ही कोपऱ्यांना स्क्रू-ड्रायव्हरची मूठ ठोकली तर उजवीकडून भदभद आवाज. दारांखालच्या पोकळीतून पाणी मागे वाहत येऊन या कोपऱ्यात थांबतं.

इंधनाची टाकी काढून लांब नेली, बॅटरी सोडवली. वेल्डिंग उद्यापासून.

१७ फेब्रुवारी

आडवी पट्टी पूर्ण बदलली, तुकडा जोडला नाही. जुने स्पॉट वेल्ड ड्रिलने काढले, मजल्याचा पत्रा चांगला निघेपर्यंत घासला, एकमेकांवर टेकणाऱ्या दोन्ही पृष्ठभागांवर वेल्ड होऊ शकणारा झिंक प्रायमर. नवी पट्टी डाव्या बाजूच्या शाबूत बैठकीवरून माप घेऊन बसवली, आधी टाके, मग पुन्हा कर्ण मोजले, मग भोकं भरून वेल्ड. सलग वेल्ड ओढली तर पातळ पत्रा उष्णतेने आखडतो आणि आपण जे सरळ करतोय तेच वाकडं होतं. एका टोकाला एक, दुसऱ्या टोकाला एक, मधे गार होऊ द्यायचं. झिंकचा धूर छातीत बसतो, पंखा आणि मास्क सक्तीचे.

केबिनचा उजवा कोपरा कापून नवा तुकडा. आतली बाजू झाकण्याआधी प्रायमर, झाकल्यावर लांब नळीने पोकळीत गंजरोधक मेण. पाण्याची वाट तेवढी मोकळी ठेवली.

१९ फेब्रुवारी

ओला गालिचा. मालकाला वाटत होतं, खिडकीतून येतंय.

पाण्याची चाचणी खालून वर करायची. नळी नुसती वाहती ठेवायची, जोराचा फवारा नको. जोराच्या फवाऱ्याने चांगलं रबरही गळतं आणि मग आपण नको ते उघडून बसतो. एक जण आत टॉर्च घेऊन. आधी केबिनच्या मागच्या शिवणी, कोरड्या. मग सरकत्या काचेची चौकट, कोरडी. मग छताच्या मागच्या कडेला तिसरा ब्रेकदिवा. नळी तिथे आणली आणि क्षणात आतून हाक आली, "दादा, आलं!" छताच्या अस्तरामागून खांबाच्या आतून पाणी खाली उतरतं आणि थेट सीटखाली निघतं. वर डाग नाही, खाली डबकं.

अमेरिकेत हलक्या ट्रकना हा तिसरा दिवा १९९४ च्या मॉडेलपासून लावावा लागला. फाळक्यावर लावून उपयोग नाही, फाळका खाली सोडला की दिवा दिसेनासा होतो. म्हणून पिकअपमध्ये तो केबिनच्या माथ्यावर गेला, आणि छताला एक मोठं भोक पडलं. त्या भोकाला आधार फक्त फोमच्या पट्टीचा. फोम काही वर्षांत चपटा होऊन बसतो. नवी पट्टी लावली, पृष्ठभाग आधी स्पिरिटने पुसून. स्क्रू हाताने आवळले, जास्त आवळले तर दिव्याची प्लॅस्टिकची चौकट वाकते आणि मधोमध फट पडते. सिलिकॉन थापून बंद करणारे खूप असतात, पुढच्या माणसाला तो दिवा फोडूनच काढावा लागतो.

गालिचा काढून खालचा फोम वाळत घातला. मजल्याचा पत्रा सुदैवाने बरा.

२१ फेब्रुवारी

चाकाची उजवी कमान. रंग फुगलाय त्या जागी चुंबक लावला, धरला नाही. खाली सरकवला, नाही. बोटभर वर नेला तेव्हा चटकन चिकटला. मधला भाग पुट्टीचा आहे. उकरला तर पुट्टीच्या मागे फुगणारा फोम भरलेला, पाणी पिऊन स्पंज झालेला. कुणी तरी गंजाच्या भोकात फोम मारून वर पुट्टी ओढलीय. यापेक्षा भोक उघडं ठेवलं असतं तर पत्रा जास्त टिकला असता.

कमानीच्या कडेला आतला आणि बाहेरचा पत्रा एकत्र येतात, तिथे चिखलाचा कट्टा तयार होतो. कापून तयार कमान लावली. जोड सीम सीलरने बुजवला, मागून मेण. डावी कमान साफ करून तशीच ठेवली.

२४ फेब्रुवारी

हौदा पुन्हा चासीवर. बोल्ट हलके लावून आधी समोरची फट जुळवली. केबिन आणि हौदा चासीवर स्वतंत्र बसतात आणि चासी पीळ घेते, म्हणून मधली फट शोभेची नाही. ती दाबून कमी केली तर खड्ड्यात हौदा केबिनला आपटतो, आणि केबिनच्या मागच्या कोपऱ्यांवर रंग उडालेला दिसला की तेच घडलंय असं समजावं. उघड्या सी-आकाराच्या चासीत पीळ जास्त, बंद पेटीच्या चासीत कमी.

सगळ्या बैठका टेकल्यावर कर्णांमधला फरक ११ वरून ३ वर आला. भिंतींचं फाकणं मात्र तसंच, वर ९. दोन्ही भिंतींच्या मागच्या खांबांना आतून लाकडी ठोकळे देऊन रॅचेटच्या पट्ट्याने ओढलं. भिंत ओढल्याइतकी राहत नाही, पट्टा सोडला की परत जाते, म्हणून जास्त ओढून सोडायचं आणि मोजायचं. शेवटी वरचा फरक २ मिलिमीटरवर थांबला. आणखी ओढलं असतं तर भिंतीच्या मुळाशी पत्र्याला मोड पडला असता. दोनवर मी समाधानी आहे.

बोल्ट कंपनीच्या दिलेल्या आवळणीवर, टॉर्क पान्याने.

२६ फेब्रुवारी

फाळक्याचं पत्राकाम आणि रंग. खालची दुमड उघडली, गंजलेली पट्टी कापून नवी दुमडली, उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर, मग पुट्टी नावापुरती. दुमड सील केली, पाणी जायची भोकं मोकळी ठेवली. रंगाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, शेजारच्या भिंतीशी जुळला.

२८ फेब्रुवारी

फाळका लावला. बिजागरीचे नायलॉन बुश नवे. जुने एका बाजूने खाल्लेले होते, नुसत्या त्यांच्यामुळेच फाळका उजवीकडे तीनेक मिलिमीटर झुकत असावा. तारदोर नवे, जोडीने. सळयांच्या क्लिपा नव्या, लांबी जुळवून हँडलला मोकळीक ठेवली.

स्ट्रायकर शेवटी. दोन्ही खिळ्यांना ग्रीसचा पातळ थर दिला आणि फाळका हळू लावून उघडला. नखीची खूण खिळ्यावर कुठे उमटते ते बघायचं. डावीकडे बरोबर मधोमध. उजवीकडे खूण बाहेरच्या टोकाकडे. स्ट्रायकर दीड मिलिमीटर आत घेतला, पुन्हा बघितलं, खूण मधे. आता फाळका ढकलला की दोन्ही बाजूंना दोन टिक येतात, आपटावा लागत नाही. फट डावीकडे ५, उजवीकडे खाली ५ आणि वर ६.

मग उजवं मागचं चाक रॅम्पवर चढवलं, चासीला पीळ बसला. उजवी वरची फट ६ वरून ८ झाली, खटका पूर्ण मिटलेलाच. खाली उतरवल्यावर फट परत ६.

३ मार्च

हौदा भरून कच्च्या रस्त्यावर नेली, परत आल्यावर सगळे बोल्ट पुन्हा तपासले. फाळका जागचा हलला नाही. उजव्या मागच्या बोल्टावर आधी मारलेली रंगाची रेघ जुळलेली, म्हणजे बैठक दबली नाही.

मालक आला. फाळका उतरवून लांब पाइप न्यायचे असतील तर भिंतींच्या मागच्या खांबांना वरून आडवा पट्टा बांधायचा, हे दाखवलं. खालची भोकं महिन्यातून एकदा तारेने मोकळी करायची. मागे ट्रेलर ओढायच्या गोळ्याची हिच बसवलेली असताना, दोन भागांत दुमडणारा फाळका कधी घेतलाच तर आतला भाग उघडण्याआधी गोळा काढायचा, नाहीतर तो त्यावरच आपटतो. नवे टाकताना काढलेले जुने खटके त्याने परत मागितले, पिशवीत घालून दिले. चांगले आहेत, कुणाच्या तरी कामी येतील.

बाकी: डाव्या मागच्या दाराच्या बिजागरीचा खिळा आणि बुश. दार उघडताना एक बोट खाली पडतंय. सामान आलं की बसवायचं.